जिप्सी बंद झाली, इंजिन थकलं... मग जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवता येतं का?

ताडोबाचं मोहर्ली गेट असो, कोलारा असो नाहीतर नवेगाव. पहाटे तिथं रांगेत उभ्या असलेल्या उघड्या गाड्या पाहिल्या की एक नाव हमखास ऐकू येतं, जिप्सी. वाघ दिसला की फोटो वाघाचा निघतो, पण फोटोच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाची जिप्सी असतेच.

गोची अशी आहे की मारुतीने ही गाडी सर्वसामान्यांना विकणं २०१९ मध्ये थांबवलं. म्हणजे आज जंगलात फिरणारी सगळ्यात नवी जिप्सीसुद्धा आता नवी राहिलेली नाही. बॉडीला गंज लागला तर पत्रा मारता येतो, सीट फाटली तर शिवता येते. इंजिनने दम तोडला तर काय करायचं?

अशा वेळी गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणतंच, "अरे, दुसरं इंजिन टाकून घे की. बलेनोचं टाक. नाहीतर स्विफ्टचं डिझेल टाक, पेट्रोलचा खर्च पण वाचेल."

ऐकायला सोपं वाटतं. इंस्टाग्रामवर तर अशा गाड्यांचे रील्स ढिगाने सापडतात. पण दुसरं इंजिन खरंच बसतं का, बसवायला काय लागतं, आणि बसवल्यावर चंद्रपूरच्या एमएच ३४ किंवा गडचिरोलीच्या एमएच ३३ पासिंगची ती गाडी कायद्याने रस्त्यावर चालवता येते का? एकेक करून पाहू.

आधी जिप्सीची कुंडली

मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरमध्ये. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी आली. मूळ गाडी सुझुकीच्या जिम्नी घराण्यातली. सुरुवातीला तिच्यात ९७० सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन होतं. गाडी डोंगर चढायची, पण हायवेवर मागचे लोक हॉर्न वाजवायचे.

१९९६ मध्ये जिप्सी किंग आली. इंजिन १.३ लिटरचं झालं, ताकद ६० हॉर्सपॉवरच्या घरात गेली. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आलं आणि तेच १,२९८ सीसीचं इंजिन ८० हॉर्सपॉवर द्यायला लागलं. शेवटपर्यंत हेच इंजिन राहिलं.

म्हणजे कंपनीने स्वतःच या गाडीचं इंजिन बदललं होतं. बॉडी बरीचशी तीच, चेसिसची ठेवण तीच, इंजिन मात्र नवं. गाडी आहे तशी ठेवून तिला नवं काळीज द्यायचं ही कल्पना गॅरेजवाल्यांच्या आधी कंपन्यांनाच सुचली होती.

२०१९ मध्ये गणित फिरलं. एप्रिल २०१९ पासून एबीएस, जुलैपासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, ऑक्टोबरपासून जुन्या मॉडेल्सनाही क्रॅश टेस्ट आणि पुढच्या वर्षी बीएस ६. ऐंशीच्या दशकातल्या डिझाइनवर उभ्या असलेल्या गाडीला एवढं सगळं जमवणं परवडणारं नव्हतं. जिप्सी थांबली.

इंजिन बदलायचं वेड नवं नाही

या विषयातलं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे एसी कोब्रा. इंग्लंडमधल्या एसी कंपनीची 'एस' नावाची छोटी, देखणी स्पोर्ट्स कार होती. तिच्यात ब्रिस्टल कंपनीचं इंजिन यायचं. १९६१ मध्ये ब्रिस्टलने ते इंजिन बनवणं थांबवलं आणि एसीपुढे प्रश्न उभा राहिला, गाडी आहे पण इंजिन नाही. अमेरिकेचा रेसर कॅरोल शेल्बी याने डोकं लावलं. त्याने फोर्डचं व्ही ८ इंजिन मिळवलं आणि १९६२ मध्ये त्या हलक्या इंग्लिश गाडीत बसवलं. त्यातून कोब्रा जन्माला आली.

पण शेल्बीने फक्त इंजिन टाकून गाडी पळवली नाही. वाढलेली ताकद पेलावी म्हणून चेसिस मजबूत करावं लागलं, मागचा डिफरन्शियल बदलावा लागला. ही गोष्ट रीलमध्ये सांगितली जात नाही.

आपल्याकडेही असे प्रकार भरपूर झालेत. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्या लांबलचक बॉनेटखाली १.५ लिटरचं जुनं इंजिन होतं. दिसायला पैलवान, पळायला ढिली. मग त्याच गाडीत जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि तिला खरा जोर मिळाला. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियरने फियाटची जुनी बॉडी घेऊन ११८ एनई काढली, इंजिन मात्र निस्सानचं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन सीटची स्पोर्ट्स कार तर फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसी इंजिन घेऊनच जन्माला आली.

आणि आपल्या गावोगावच्या जीपचं काय? विलीजची जीप मुळात पेट्रोलवरची. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनसाठी करार केला. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या कारखान्यात ही इंजिनं बनायला लागली. पुढे विदर्भातल्या कच्च्या रस्त्यांवर माणसं लटकवून धावलेली महिंद्रा जीप जी आठवते, ती याच डिझेलच्या खडखडाटासकट.

मग कंपनीने केलं तर चालतं आणि गॅरेजवाल्याने केलं तर नाही, असं का? याचं उत्तर अर्धं बॉनेटखाली आहे आणि अर्धं आरटीओच्या फाइलमध्ये.

बॉनेटखाली नेमकं काय काय बदलतं?

इंजिन बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नाही. नवं इंजिन क्रेनने उचलून आत सोडलं की ते बसतं, पण चालत नाही. चालायला पुढची साखळी पूर्ण जमावी लागते.

१. इंजिन उभं की आडवं? जिप्सीत इंजिन उभं बसतं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या-पुढच्या चाकांकडे शाफ्ट. मारुती एस्टीममध्ये याच घराण्यातलं १.३ चं इंजिन होतं, पण एस्टीम पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, तिच्यात इंजिन आडवं. म्हणून एस्टीमचं इंजिन जिप्सीत टाकताना ब्लॉक जवळचा नातेवाईक असला तरी इनटेक मॅनिफोल्ड, सायलेन्सरकडे जाणारा पाइप, ऑइलची टाकी म्हणजे चेंबर, पाण्याचे पाइप हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

२. माउंटिंग. इंजिन ज्या रबरी पायांवर उभं असतं ते चेसिसच्या ठरावीक जागी असतात. दुसऱ्या इंजिनचे पाय दुसरीकडे येतात. मग नवे ब्रॅकेट बनवून वेल्डिंग करायचं. इथं काही मिलिमीटरचा कोन चुकला तरी शाफ्टला कंप येतो, आणि कंप आला की क्रॉस आणि सील एकापाठोपाठ जायला लागतात.

३. गिअरबॉक्सशी लग्न. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात त्या भागाला बेल हाउसिंग म्हणतात. दोन वेगळ्या घरची पोरं असली की मध्ये लेथवर बनवलेली अडॅप्टर प्लेट लागते. फ्लायव्हील, क्लच प्लेट, पायलट बेअरिंग यांची मापं जुळवावी लागतात. जिप्सीचा इथं एक फायदा आहे. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो वेगळा बसवलेला असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी एकत्र बदलून मागचा ट्रान्सफर केस तसाच ठेवता येतो. जगभरातले हौशी लोक या जुन्या सुझुक्यांवर प्रयोग करतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

४. वायरिंग आणि कॉम्प्युटर. कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनला पेट्रोल, हवा आणि ठिणगी मिळाली की ते सुरू व्हायचं. आताच्या इंजिनला ईसीएम लागतो. तो ईसीएम डझनभर सेन्सरचं ऐकतो. त्यात इमोबिलायझर असेल तर मूळ गाडीच्या चावीशिवाय तो इंजिन सुरूच होऊ देत नाही. त्यामुळे भंगार बाजारातून नुसतं इंजिन आणून भागत नाही. त्याची वायरिंग, ईसीएम, सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल आणि चावी, सगळं एकाच गाडीचं लागतं.

५. रेडिएटर. चंद्रपूरसाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मे महिन्यात इथं पारा ४५-४६ अंशांच्या पुढे जातो. वरून सफारीची गाडी पळत नाही, सरपटते. वाघ आडवा बसला की अर्धा तास एका जागी उभी. गाडी वेगात असेल तर समोरून येणारी हवा रेडिएटर थंड करते, इथं ती हवाच नाही. सगळा भार पंख्यावर आणि पाण्यावर. मोठं इंजिन जास्त उष्णता सोडतं आणि जिप्सीच्या नाकाडात मोठा रेडिएटर बसवायला जागा कमी.

६. ब्रेक, पाटे आणि वजन. जिप्सी साधारण एक टनाची हलकी गाडी. पुढे-मागे पाटे. पुढच्या पाट्यांवर जड डिझेल इंजिन बसवलं तर नाक खाली बसतं, स्टिअरिंग जड होतं. ताकद वाढवली आणि ब्रेक तेच ठेवले तर गाडी पळेल खरी, थांबेल का हा प्रश्न उरतो.

म्हणूनच या धंद्यातले जाणते मिस्त्री सांगतात ते खरं आहे. इंजिन विकत घेणं हा सगळ्यात सोपा भाग. खरा पैसा आणि वेळ बाकीच्या जुळवाजुळवीत जातो.

मग लोक कोणती इंजिनं टाकतात?

जिप्सीवाल्यांच्या गप्पांत तीन-चार नावं फिरत असतात.

पहिलं, जिप्सीचंच किंवा एस्टीमचं १.३. हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा रस्ता, कारण घराणं एकच.

दुसरं, जुन्या बलेनो सेडानचं १.६ लिटर पेट्रोल. ही आताची हॅचबॅक बलेनो नाही, १९९९ मध्ये आलेली सेडान. हेही त्याच जी-सिरीज घराण्यातलं, ताकद जास्त. ऑफरोडिंगच्या हौशी लोकांचं हे लाडकं इंजिन. पण ती सेडानच बंद होऊन दीड दशकाहून जास्त काळ झालाय. म्हणजे एका म्हाताऱ्याच्या जागी दुसरा म्हातारा आणायचा.

तिसरं, स्विफ्टमधलं १.३ लिटर डिझेल. मुळात फियाटचं, मायलेजसाठी प्रसिद्ध. पण यात टर्बो आहे, ईसीएम आहे, डिझेलचा वेगळा पंप आणि लाइन आहे. आणि जंगलात हरणाने कान टवकारेल असा आवाजही आहे.

चौथं, नव्या जिम्नीचं १.५ लिटर इंजिन. जिम्नी जून २०२३ मध्ये भारतात आली. १३४ न्यूटन मीटर टॉर्क, तर जिप्सीचा १०३. कागदावर मोह पडावा असं. पण इलेक्ट्रॉनिक्सचं जाळं पाहिलं की गावातला मिस्त्री हात जोडतो.

जंगलात एवढी ताकद लागते तरी कुठे?

स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन बदलतात ते वेगासाठी. ताडोबात वेगाचा काय उपयोग? सफारीच्या गाडीला लागतं ते असं: अगदी कमी वेगात न गचके खाता चालणं, सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर घेऊन चिखलातून निघणं, तासन्‌तास गरम न होणं, आणि शक्य तितकं गप्प राहणं.

हे काम १.३ चं धडधाकट इंजिन आजही करतं. चिखलात अडकल्यावर ताकद येते ती खरं तर फोर-लो गिअरमुळे, हॉर्सपॉवरमुळे नाही. ट्रान्सफर केसचा तो छोटा दांडा ओढला की गाडीचा वेग कमी होतो आणि चाकांवरचा जोर वाढतो.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. गडचिरोलीकडे बघा. जिल्ह्याच्या गावापासून भामरागड दीडशे किलोमीटरहून जास्त लांब. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. अशा भागात जुनी जीप किंवा जिप्सी टिकून आहे कारण तिचं काम एटापल्ली-आलापल्लीच्या गॅरेजमध्येही होतं. तिच्यात पाच गाड्यांचे पार्ट घालून बनवलेलं इंजिन असेल, तर बिघाड झाल्यावर ते फक्त एकाच माणसाला कळतं, ज्याने ते बसवलं. तो माणूस नागपूरला किंवा पुण्याला असेल तर गाडी महिनाभर दारात उभी. सफारीवर पोट असलेल्याला एवढा हंगाम बुडवणं परवडत नाही.

आता कायद्याकडे वळू

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. साध्या भाषेत सांगायचं तर, कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंद आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. हे कलम २००० साली बदलून जास्त कडक करण्यात आलं.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठासून सांगितली. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालणार नाही. त्या निकालानंतर देशभर मॉडिफाइड गाडीवाल्यांची झोप उडाली होती.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मग इंजिन बदलताच येत नाही का? येतं. कायद्याने काही दारं उघडी ठेवली आहेत.

पहिलं दार: त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन. जिप्सीच्या जागी जिप्सीचंच. यात गाडीचा प्रकार बदलत नाही, बदलतो तो इंजिन नंबर. तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो, त्यासाठी आधी आरटीओकडे जायचं. बदल झाल्यावर त्याची माहिती देण्यासाठी कायद्यात १४ दिवसांची मुदत आहे.

दुसरं दार: इंधन बदलणं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी. पण कुठल्याही जुगाडाने नाही, तर सरकारमान्य चाचणी संस्थेने पास केलेल्या किटने, आणि अधिकृत ठिकाणी बसवून. अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे आपल्या पुण्यातली एआरएआय, १९६६ पासून गाड्या तपासणारी.

तिसरं दार केंद्र सरकार खास कारणासाठी सूट देऊ शकतं, पण ते एकट्या-दुकट्या मालकासाठी नाही.

आता मघाचा प्रश्न. कंपनीने केलं तर चालतं, गॅरेजने केलं तर का नाही? कारण कंपनी नवं इंजिन टाकते तेव्हा ती पूर्ण गाडी अशा संस्थेत नेऊन धूर, ब्रेक, आवाज, सगळं पुन्हा तपासून घेते. त्या मंजुरीनंतरच गाडी विकली जाते. गॅरेजमधल्या एका गाडीमागे अशी कुठलीच चाचणी नसते. म्हणून बलेनोचं १.६ किंवा स्विफ्टचं डिझेल कितीही सफाईने बसवलं, तरी वरच्या दारांपैकी एकातूनही ते आत येत नाही. बंद रेस ट्रॅकवर ट्रेलरने नेऊन पळवायची गाडी हा वेगळा विषय. सफारीची गाडी गावातून गेटपर्यंत सार्वजनिक रस्त्यानेच येते.

"पण कोण बघतंय?"

आता तुम्ही म्हणाल, बॉनेट उघडून कोण बघतंय? रोज कुणी बघत नाही, खरंय. पण तीन वेळा हमखास बघतात.

एक, फिटनेसच्या वेळी. ट्रान्स्पोर्ट म्हणून नोंद असलेल्या आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. खासगी गाडी असेल तर १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला.

दोन, गाडी विकताना. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही की व्यवहार तिथेच थांबतो. त्यातून ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस स्टेशनच्या चकरा वेगळ्या.

तीन, आणि सगळ्यात वाईट, अपघाताच्या वेळी. गाडीत सहा पर्यटक बसलेत आणि गाडी उलटली. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, नंबर तपासतो. कंपनीला न कळवलेला बदल सापडला की गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला किंवा कापायला कारण मिळतं. जखमींच्या भरपाईचा मामला ट्रिब्युनलमध्ये जातो, आणि तिथं विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढणार. ब्रेक तेच ठेवून ताकद वाढवली होती, हे सिद्ध झालं तर मालकाकडे सांगायला काय उरतं?

गाडी हीच ज्याची शेती आहे, त्याच्यासाठी हा धोका ५,००० रुपयांच्या दंडापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग थकलेल्या जिप्सीचं करायचं काय?

इंजिन उघडून बांधणं. धूर मारतंय, ऑइल खातंय, पिकअप गेलाय, याचा अर्थ इंजिन मेलं असा नाही. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, नवे बेअरिंग, व्हॉल्व्हचं काम, नवी ऑइल सील. ब्लॉक तोच राहतो, नंबर तोच राहतो, आरटीओचा प्रश्नच येत नाही. ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असतो. मोठं काम काढायला हाच काळ सोयीचा.

त्याच प्रकारचं दुसरं इंजिन. ब्लॉकच फुटला असेल तर जिप्सीचं चांगलं इंजिन शोधायचं. पण विकणाऱ्याचं बिल, ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं आणि इंजिन नंबर नीट तपासूनच पैसे द्यायचे.

सीएनजी. कायद्याने चालतं, खर्च वाचतो. पण सिलिंडर ठेवायचा कुठे? सफारी जिप्सीत मागचा भाग पर्यटकांच्या सीटसाठी असतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. आणि गेटपासून पंप किती लांब आहे, हे आधी मोजायला हवं.

इलेक्ट्रिक. सगळ्यात जास्त चर्चा याची आहे आणि कारणही तसंच आहे. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, हळू चालायला तिला त्रास होत नाही, उभी असताना ती काहीच खात नाही, धूर नाही, आणि आवाज जवळजवळ नाही. सफारीला लागणाऱ्या गोष्टींची वरची यादी पुन्हा वाचा, बरोबर जुळते.

हे नुसतं कागदावर नाही. एप्रिल २०२३ मध्ये भारतीय लष्कराने आपली एक जुनी जिप्सी इलेक्ट्रिक करून दाखवली होती. आयआयटी दिल्लीत वाढलेल्या टॅडपोल प्रोजेक्ट्स या स्टार्टअपने ती बनवली आणि एका चार्जमध्ये १२० किलोमीटर जाईल असं तेव्हा सांगण्यात आलं.

इलेक्ट्रिक किटसाठी केंद्राने २०१६ मध्ये नियम केले आणि चाचणीसाठी एआयएस १२३ हे मानक आहे. किट त्या गाडीच्या मॉडेलसाठी पास झालेलं हवं. दुसऱ्या मॉडेलसाठी पास झालेलं किट जिप्सीत टाकून चालत नाही. आरसीवर इंधनाच्या जागी इलेक्ट्रिक अशी नोंद करून घ्यावी लागते.

अडचणी आहेतच. सकाळ-दुपार दोन सफाऱ्या असतील तर मधल्या वेळात चार्जिंग व्हायला हवं आणि गेटजवळच्या गावात वीज टिकायला हवी. ४६ अंशांत बॅटरी गरम होते. नाल्यातून जाताना बॅटरीचा डबा पाण्यात बुडणार नाही एवढा सीलबंद लागतो. आणि खर्चातला सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा, जो एकट्या गाववाल्याला सहज झेपणारा नाही.

हो म्हणण्याआधी एवढं तपासा

गॅरेजवाला कितीही ओळखीचा असो, इंजिन उतरवायच्या आधी या गोष्टी पक्क्या करा.

- काम चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या आरटीओत आधी विचारा, नंतर नाही. तोंडी "होऊन जाईल" वर पैसे देऊ नका.
- गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या.
- जुन्या इंजिनचा नंबर, नव्याचा नंबर, बिल आणि फोटो जपून ठेवा.
- किट असेल तर त्याचं मंजुरीपत्र मागा आणि त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का ते स्वतः वाचा.
- विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोहोच घ्या.
- इंजिनबरोबर ब्रेक, रेडिएटर आणि पाट्यांचं काय करणार, हे गॅरेजवाल्याला विचारा. त्याच्याकडे उत्तर नसेल तर गाडी घेऊन घरी या.

थोडक्यात काय?

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसतं. साठ वर्षांपूर्वी शेल्बीने बसवलं, आपल्या कंपन्यांनी बसवलं, आजही चांगला मिस्त्री बसवू शकतो. पण इंजिनबरोबर गाडीची जबाबदारीही बदलते, आणि ती मालकाच्या नावावर चढते.

हौसेच्या गाडीत ही जोखीम एका माणसाची असते. सफारीच्या जिप्सीत ती सहा पर्यटकांची, गाइडची, ड्रायव्हरची आणि त्या गाडीवर चालणाऱ्या घराची असते. म्हणून तिथं कोणतं इंजिन जास्त पळेल यापेक्षा कोणतं इंजिन कागदावर आणि रस्त्यावर दोन्हीकडे टिकेल, हे आधी बघायला हवं. आज तरी तिथं दोनच सरळ रस्ते दिसतात, आहे ते इंजिन नीट बांधून घेणं किंवा पास झालेल्या किटने गाडी बदलणं.

जिप्सी पुन्हा कारखान्यातून येणार नाही. जंगल आणि पर्यटक मात्र येत्या हंगामातही असणार आहेत. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक गेटवरच्या प्रत्येक मालकाला पडणारच आहे. एकेकट्याने तो भंगार बाजारात सोडवायचा, की मालकांनी एकत्र येऊन वनविभाग आणि बँकेला सोबत घेऊन, हे ठरवायला अजून वेळ आहे.